सातबाऱ्यावर नसलेला रकाना

वाळवा तालुक्यात कृष्णेच्या काठापासून थोडं आत आमचं रान आहे. मी पुण्याला असतो. रान गावातले तात्या खंडानं करतात. दिवाळीत गेलो होतो तेव्हा आम्ही दोघांनी बांधावर बसून एक साधी परीक्षा घेतली. काचेचे दोन पेले पाण्यानं भरले. एकात बांधावरचं वाळलेलं ढेकूळ सोडलं. त्या जागेला कैक वर्षांत नांगर लागलेला नाही, गवत तिथंच उगवतं आणि तिथंच वाळतं. दुसऱ्या पेल्यात तिथून दहा पावलांवरचं, उसाच्या सरीतलं ढेकूळ. सरीतलं ढेकूळ बघता बघता विरघळलं, पाणी गढूळ झालं आणि तळाला चिखल बसला. बांधावरचं अर्ध्या तासानंतरही बऱ्यापैकी शाबूत होतं, भोवतीचं पाणी नितळ होतं. खडक एकच, पाऊस एकच. गेल्या चाळीस वर्षांत आम्ही त्या दोन जागांना काय दिलं आणि त्यांच्याकडून काय नेलं, एवढाच फरक.

ढेकूळ पाण्यात विरघळतं त्या जमिनीवर पहिल्या मोठ्या पावसात पापडी धरते. बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात, पाणी मुरायचं सोडून वाहून जातं, मुळांना हवा मिळत नाही आणि वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, यायला चार दिवस जास्त लागतात. कणाला कण धरून ठेवण्याचं काम गवताच्या मुळांतून पाझरणारे रस, बुरशीचे धागे आणि जिवाणूंचे डिंकासारखे स्राव करतात. या सगळ्यांचं अन्न म्हणजे सेंद्रिय कर्ब, पालापाचोळा, मुळं, शेण कुजून मातीत उरणारा कार्बन. मातीचं आरोग्य म्हटलं की आपल्याकडे लगेच नत्र, स्फुरद, पालाश सुरू होतं. पण आधी हे घर उभं असावं लागतं. घरच पडलेलं असेल तर आत भरलेल्या धान्याचा उपयोग किती?

ही समज सरकारला नाही असं मी म्हणणार नाही. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगड इथं मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. त्या कार्डावर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि त्यांच्या जोडीला सामू (म्हणजे पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. देशभरातल्या शेतकऱ्याच्या हातात त्याच्या मातीचा कागद द्यावा ही कल्पना मोठी होती, आजही आहे. अडचण नमुन्यापाशी सुरू झाली. बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना, असं ते जाळं आखलेलं होतं. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र दीड हेक्टरच्याही आत आहे. म्हणजे एका खड्ड्यातली माती सहा-सात शेतकऱ्यांच्या नावावर चढते. आटपाडी-जत भागात एकाच उतारावर वरच्या अंगाला मुरमाड, मध्ये हलकी आणि ओढ्याकाठी कमरेइतकी खोल काळी जमीन असते. तिथं हे कार्ड एकाच्या तब्येतीचा कागद शेजाऱ्याच्या हातात देतं.

आमच्याही नावाचं कार्ड आलं होतं. आमच्या रानात मातीचा नमुना घ्यायला कोणी आल्याचं ना तात्यांना आठवतं, ना शेजाऱ्यांना. ते कार्ड कपाटात आहे. त्यावरच्या आकड्यांनुसार आम्ही एक पोतंही इकडचं तिकडं केलं नाही, आणि मला त्याची खंत वाटते, कारण त्यात एक आकडा असा होता की त्यानं आम्हाला जागं करायला हवं होतं.

गंमत वाटेल, पण याच महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी प्रत्येक सर्व्हे नंबराची माती खणून पाहिलेली होती. १८३०च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याची जमीन मोजणी नव्यानं सुरू केली. १८४७ साली तिचे नियम पक्के झाले. मोजणीदार शेतात जाऊन मातीची खोली हातांत मोजायचे: पावणेदोन हात, दीड हात, अशी पाव हातापर्यंत. रंग आणि पोत पाहून तीन प्रकार ठरायचे. मग दोष बघायचे. चुनखडीची भेसळ आहे का, वाळू आहे का, उतार आहे का, पाणी साचतं का, पुराच्या पाण्यानं माती वाहून जाते का. प्रत्येक दोषासाठी प्रत एकेक पायरी खाली उतरायची. सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती होत्या. तुमच्या सातबाऱ्यावर आजही ‘आकार’ म्हणून रुपये-पैशांत जो लहानसा आकडा दिसतो, त्याच्या मुळाशी ही प्रतवारी आहे.

त्या सरकारला माती सारा वसूल करण्यासाठी समजून घ्यायची होती, तिच्या भल्यासाठी नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्याची दैना मांडताना डोंगरांवरचा पालापाचोळा, मेलेले जीवजंतू यांचं सत्त्व पावसाबरोबर शेतात उतरतं हे लिहून ठेवलं, आणि ते पाणी शेतात मुरावं म्हणून सरकारनं बांध, ताली घालाव्यात अशी मागणी केली. एकीकडे मातीची किंमत ठरवणारं दप्तर आणि दुसरीकडे माती जिवंत कशानं राहते हे सांगणारा माणूस, एकाच काळात. दप्तर टिकलं. फुल्यांनी सांगितलेली गोष्ट मात्र त्या दप्तरात आजपर्यंत शिरलेली नाही. सातबारा सांगतो जमीन कोणाची, बोजा किती, पोटखराबा किती, पीक कोणतं, पाणी कशाचं. २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर फोटोसह पीक नोंदवतो. आणि ज्या मातीवर हे सगळं उभं आहे तिची आजची अवस्था नोंदवायला एकही रकाना नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे, की तो रकाना हवा. सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे, प्रत्येक गटाच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या जमिनीच्या तुकड्याच्या, स्वतःच्या मातीतून घेतलेले, दर पाच वर्षांनी. बाकीची नऊ अन्नद्रव्यं खत देण्यापुरती कार्डावर राहू देत. ती हंगामागणिक बदलतात. हे तीन आकडे सावकाश बदलतात आणि पिढीचा हिशेब सांगतात.

किती सावकाश, ते एकदा मांडून बघण्यासारखं आहे. एकरभर जमिनीचा वरचा सहा इंचांचा थर वजनाला साधारण ९०० टन भरतो. त्यातला कर्ब ०.४ वरून ०.५ टक्के करायचा म्हणजे निव्वळ ९०० किलो कर्ब मातीत टिकून राहायला हवा. शेणखताच्या दहा गाड्या टाकल्या तर वजन पाच टनांच्या आसपास. त्यात निम्मं पाणी, उरलेल्यात माती आणि राख बरीच. कर्ब निघतो पाच-सातशे किलो, आणि आपल्या उन्हात त्यातला बहुतेक जिवाणू वर्षभरात खाऊन हवेत सोडून देतात. हाती शंभरेक किलो राहिला तरी पुष्कळ. म्हणजे दरवर्षी न चुकता दहा गाड्या टाकल्या तर एक दशांश टक्का वाढायला आठ-दहा वर्षं. आणि हे बैल विकून ट्रॅक्टर आलेल्या, गोठा रिकामा झालेल्या घरानं करायचं. शेणखताची गाडी आज विकत घ्यावी लागते, तीही आधी सांगून ठेवली तर मिळते.

त्यामानानं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, फुकट पडलेलं असतं. ऊस तुटल्यावर एकरी तीन-चार टन. कृषी विद्यापीठाची शिफारस जुनी आणि सोपी आहे: टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून सरीतच कुजू द्या. तरी तोडणी झाली की संध्याकाळी शिवारात जाळ दिसतो. शहरातले लोक या धुराकडे बोट दाखवून शेतकऱ्याला अडाणी म्हणतात, त्याचा मला राग येतो. पाचट का पेटतं हे विचारायला कोणी बांधावर येत नाही.

मी विचारलं. तात्या म्हणाले, “पाचट ठेवलं तर पहिल्या साली पाणी द्यायला तरास हुतो, उंदीर हुत्यात, फुटवं झाकत्यात. त्याचा गुण दिसायचा तिसऱ्या-चौथ्या साली. तवर रान माझ्याकडंच ऱ्हाणार हाय का? तेवढं सांगा, मग ठेवतो.”

मला उत्तर देता आलं नाही. आमचा व्यवहार तोंडी, एका वर्षाचा. महाराष्ट्रात लाखो एकर जमीन अशीच तोंडावर चालते आणि त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. १९४८चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळं मालक झाली ती आठवण. त्या कायद्यानं कसणाऱ्याला न्याय दिला, हे मी मनापासून मानतो. पण त्यानंतर मालकाच्या मनात जी धास्ती बसली ती तीन पिढ्या गेली तरी उतरलेली नाही. कागद केला की कूळ लागेल, म्हणून कागद नाही. कागद नाही म्हणून कसणाऱ्याला पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही आणि पुढच्या सालाची खात्री नाही. मातीला दहा वर्षं हवीत आणि कसणाऱ्याच्या हातात आहे एकच वर्ष. अशा माणसाला हिरवळीच्या खतासाठी ताग गाडायला, हरभऱ्याचा बेवड (फेरपालट) करायला, एक हंगाम रान पड ठेवायला सांगणं म्हणजे त्याच्या खिशातून मालकाची जमीन सुधारून घेणं.

२०१६ साली नीती आयोगानं शेतजमीन भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. मालकाची मालकी सुरक्षित, कसणाऱ्याला लेखी करार, आणि कसणाऱ्यानं जमिनीत घातलेल्या गुंतवणुकीचा जो लाभ मुदत संपताना शिल्लक असेल त्याचा मोबदला. हे शेवटचं कलम मला फार मोलाचं वाटतं. पण मोबदला मोजायचा कशावर? विहीर दिसते, ठिबकच्या नळ्या दिसतात. पाच वर्षांत माणसानं मातीत कर्ब वाढवला, तर तो डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा सरकारी दप्तरात असावा लागतो.

खताच्या भावाचंही तेच. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. त्यात २०.७ किलो नत्र असतं, म्हणजे किलोला तेरा रुपये. नत्र आणि स्फुरद दोन्ही देणाऱ्या डीएपीचं ५० किलोचं पोतं १,३५० रुपयांना. त्यातल्या नत्राची किंमत वजा केली तर स्फुरद किलोला पन्नास रुपयांच्या वर जातं. २०१० साली स्फुरद आणि पालाशाच्या खतांसाठी अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आलं, युरिया त्यातून बाहेर ठेवला गेला, आणि तेव्हापासून ही दरी रुंदावत गेली. पोतं टाकलं की आठवड्यात पिकाला काळोखी येते, शेजारचाही विचारतो काय टाकलं म्हणून. तेरा रुपयांत मिळणारी काळोखी सोडून दहा वर्षांनी दिसणाऱ्या एक दशांश टक्क्यासाठी कोण थांबेल? केंद्र सरकार गेली काही वर्षं खतांच्या अनुदानावर दरसाल दीड लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च करतं. ते पैसे शेतकऱ्याच्या नावानं जातात, आणि ते तसे जायलाच हवेत. त्यातला छोटासा वाटा तरी, ज्यानं पाच वर्षांत आपल्या गटाचा कर्ब टिकवला किंवा वाढवला त्याच्या खात्यात एकरी रकमेनं पडला पाहिजे. त्यासाठीही आधी आकडा लागेल.

इथे मला दुसऱ्या बाजूच्या मित्रांशीही भांडायचं आहे. रासायनिक खत बंद करा, सगळं आपोआप सुधारेल, असं सांगणारे बरेच भेटतात. एकरी साठ-सत्तर टन ऊस रानातून निघून कारखान्यात जातो तेव्हा त्याच्याबरोबर नत्र, स्फुरद, पालाश जातंच. ते कुठून तरी परत यावं लागतं. श्रीलंकेनं २०२१ साली रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भाताचं उत्पादन घसरलं, चहाला फटका बसला आणि काही महिन्यांतच निर्णय फिरवावा लागला. त्यात सगळ्यात आधी लहान शेतकरी मेला. इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ मालापासून कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली, ती १९३१ साली जगापुढे आली. त्यांनी वर्षानुवर्षं ढीग लावले, उलटले, मोजले. आज हॉवर्ड सगळ्यांना ठाऊक असतात, वाड फारसे कोणी आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्यांच्या वारशात घोषणेपेक्षा मोजमापाला जास्त जागा आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी रुजवलेलं सगुणा तंत्रही असंच पाहून-मोजून उभं राहिलं: गादीवाफे कायमचे, नांगरट नाही, चिखलणी नाही, कापलेल्या भाताची मुळं तिथंच जमिनीत कुजतात. त्यात खत पूर्ण वर्ज्य नाही, तणनाशकही वापरलं जातं, म्हणून काहींना ते पसंत नाही. मला त्यातली मुळं जमिनीत ठेवण्याची गोष्ट पटते.

क्षारता हा दुसरा आकडा मी का मागतो, ते आमच्या खालच्या अंगाचं रान बघितलं तर कळेल. तिथं उन्हाळ्यात पांढरं मीठ फुटतं. आधी उसाचे शेंडे पिवळे पडले, मग उगवण विरळ झाली, मग तिथं फक्त लव्हाळा. काळी जमीन निचऱ्याला मंद. कालव्याचं आणि नदीवरच्या उपसा योजनेचं पाणी वर्षभर पाजलं की भूजल वर येतं, ऊन पाणी ओढून घेतं आणि मीठ वरती सोडतं. पुढे त्यातला सोडियम मातीच्या कणांना फोडतो आणि जमीन चोपण होते, सामू साडेआठच्या पुढे जातो. हे नवं नाही. नीरा डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी आलं, आणि काही दशकांतच त्या पट्ट्यात खारवट जमिनींची तक्रार सुरू झाली. विश्वेश्वरय्यांनी तिथं ब्लॉक पद्धत आणली, त्यात एका ब्लॉकात उसाला ठरावीक हिस्सा आणि बाकी कमी पाण्याची पिकं फिरवायची. पाणी जास्त लोकांना मिळावं आणि एकाच रानात ते मुरून बसू नये, हे तेव्हा कळलं होतं. नंतर उसाच्या पैशात आम्ही ते विसरलो. मीही त्याच पैशावर शिकलो, हे लपवण्यात अर्थ नाही.

क्षारपडीवर एकट्याचं काही चालत नाही. मी माझ्या रानात जिप्सम टाकीन, धैंचा गाडीन. पण वरच्याचं जादा पाणी माझ्या बांधाखालून येतं आणि माझं पुढच्याच्या रानात जातं. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले, ते मोठ्या वाहिनीला जोडले आणि खारं पाणी बाहेर काढलं. वर्षानुवर्षं पडीक पडलेल्या रानात पुन्हा ऊस, गहू उभा राहिला. अख्ख्या शिवाराचा उतार धरून, सगळ्यांची संमती घेऊनच ते जमलं. खालच्या गटाची क्षारता ०.८ वरून २ वर गेली, हे पाच वर्षांपूर्वी दप्तरात दिसलं असतं, तर चर तेव्हाच खणता आला असता. आता मीठ फुटल्यावर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

या रकान्यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. सगळ्यात खरा आक्षेप हा, की आकडा वाईट निघाला तर बँक कर्ज नाकारेल, जमिनीचा भाव पडेल, आणि ज्याची माती आधीच खंगलेली आहे त्याच गरिबाच्या कपाळावर शिक्का बसेल. म्हणून कायद्यातच लिहायला हवं, की हा आकडा कर्ज, विमा किंवा सारा यांसाठी कोणाच्याही विरुद्ध वापरता येणार नाही. तो वाढला तर द्यायचं, घटला तर मदतीला जायचं. नमुन्यात लबाडी होईल म्हणतात. होईल. बांधावरची माती आणून देतील. मोजणीला जसे शेजारचे खातेदार हजर राहतात तसा नमुना त्यांच्यासमोर घ्यावा, गटाच्या पाच-सहा जागांहून, झाडाखालची आणि उकिरड्याजवळची जागा सोडून, आणि पिशवीला तिथंच सील करावं. वर्ष-दोन वर्षांत फरक मोजता येणार नाही हे खरं आहे, कर्बाचा बदल प्रयोगशाळेच्या चुकीत हरवून जातो. म्हणून तर पाच वर्षं.

डिसेंबरात तात्या पुण्याला आले. आम्ही मुद्रांकावर पाच वर्षांचा कागद केला. त्याआधी दोघांनी मिळून सहा ठिकाणी व्हीच्या आकाराचे खड्डे घेतले, माती पोत्यावर पसरून चार भाग करत अर्धा किलोवर आणली आणि तपासून घेतली. आकडे करारात घालायचे म्हटल्यावर लिहून देणारे गृहस्थ थांबले. त्यांच्या नमुन्यात तशी जागाच नव्हती. शेवटी चतुःसीमेच्या खाली, जिथं पूर्वेला अमुक गट आणि पश्चिमेला ओढा लिहिलेलं असतं, तिथं त्यांनी हातानं एक ओळ घातली: सामू ८.३, क्षारता ०.९, सेंद्रिय कर्ब ०.४२. पाच वर्षांनी हेच तीन आकडे पुन्हा काढायचे, आणि कर्ब वाढलेला असला तर त्या हिशेबानं तात्यांना खंडात सूट. खाली दोघांच्या सह्या. यंदाचं पाचट सरीत आहे.